शेवटच्या गाडीचा आकडा आधी सांगू नका

कराड तालुक्यातल्या एका गावातून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘घराचा तळमजल्यावरचा स्लॅब मेच्या पहिल्या आठवड्यात टाकायचा आहे. मिस्टर सैन्यात, सुट्टी संपवून गेले. त्यामुळे सगळं माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे आलंय. घर ३० बाय ३५ फूट, स्लॅब ५ इंची, बीम ९ बाय १५, इंजिनिअरांनी एम २० काँक्रीट सांगितलंय. मिस्त्री म्हणतात, सिमेंटची १५० पोती, ५ ब्रास खडी आणि अडीच ब्रास क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणून टाका. रेडीमिक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, १८ मीटर लागेल. पुण्याचे दीर म्हणतात, मोबाईलवर हिशेब केलाय, १२ मीटरच्या वर एक घमेलं लागत नाही, बाकीचे तुम्हाला फसवताहेत. मी कोणाचं ऐकू? आणि ऑर्डर द्यायची म्हणजे फोनवर नेमकं काय सांगायचं? आमची गल्ली ९ फुटी आहे, घर रस्त्यापासून दीडशे फूट आत आहे. नकाशाचा फोटो जोडलाय.’

ताई, तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नाहीये. तिघं वेगवेगळं मोजताहेत, एवढंच. तुम्ही नकाशा पाठवलात हे फार बरं केलंत. आता वहीचं एक पान घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. शाळेत मुलांना घनफळ शिकवता, त्यापेक्षा यात जास्त काही नाही.

आधी मापाचा घोळ मिटवू. आपल्याकडे खडी-वाळू ब्रासमध्ये, स्लॅब स्क्वेअर फुटात आणि रेडीमिक्स (प्लांटवर कालवून गाडीने येणारं काँक्रीट) घनमीटरमध्ये मोजतात. रेडीमिक्सवाले त्याला नुसतं ‘मीटर’ म्हणतात, म्हणून ऐकणारा गोंधळतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. हे दोनच आकडे पाठ ठेवा. सगळं फुटात मोजायचं, शेवटी एकदाच ३५.३ ने भागायचं. मधेच मिलिमीटरमध्ये शिरलात की चूक झालीच म्हणून समजा.

स्लॅबपासून सुरुवात. ३० गुणिले ३५ म्हणजे १०५० चौरस फूट. त्यातून जिन्याची मोकळी जागा ७ बाय ११, म्हणजे ७७, वजा. पुढची गॅलरी साडेतीन बाय १२, म्हणजे ४२, अधिक. राहिले १०१५. जाडी ५ इंच, म्हणून गुणिले ५ भागिले १२. उत्तर ४२३ घनफूट, म्हणजेच १२ घनमीटर. बघा, तुमच्या दिरांचा आकडा आला! त्यांचं गणित बरोबर आहे, फक्त त्यांनी पत्रावळ मोजली आणि द्रोण विसरले.

आता बीम. नकाशात चार बीम ३० फुटी आणि चार ३५ फुटी दिसतात. एकूण २६० फूट. जिथे एकमेकांना छेदतात त्या १६ जागा दोनदा मोजल्या गेल्या, त्यांचे पाऊण-पाऊण फूट वजा करा, म्हणजे १२ फूट. राहिले २४८. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण भलेभले इथे चुकतात. ९ बाय १५ चा बीम म्हणजे स्लॅबच्या वरच्या पातळीपासून खाली १५ इंच. त्यातले वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आधीच मोजून झालेत. म्हणून बीमचे मोजायचे फक्त खाली लोंबणारे १० इंच. एक फूट बीमला ०.६२५ घनफूट, आणि २४८ फुटांना १५५ घनफूट.

जिना स्लॅबबरोबरच टाकणार असाल (मिस्त्रींना विचारून घ्या), तर दोन्ही चढ, त्यांच्या पायऱ्या आणि मधला चौक मिळून साधारण ५४ घनफूट होतात. १० फूट उंची, सव्वातीन फूट रुंदी आणि ६ इंची तिरका स्लॅब धरून मी तो आकडा काढलाय. पायऱ्या विटांत बांधणार असाल तर डझनभर घनफूट कमी होतील.

बेरीज ६३२ घनफूट. भागिले ३५.३ म्हणजे १७.९ घनमीटर. रेडीमिक्सवाल्याचे १८ हे असे आले. त्याला तुमच्यासारखी तीन-चार घरं रोज भेटतात, त्याचा अंदाज बसलेला असतो.

सळईने जागा व्यापली तिचं काय, असं सासरे विचारतील. माझ्याकडे प्रत्येक घरमालक हे विचारतो. तुमच्या स्लॅबला समजा दीड टन सळई लागली, तर ती जेमतेम ०.१९ घनमीटर जागा खाते. ती वजा करत नाहीत, आणि करूही नये.

मिस्त्रींचा हिशेब उरला. तो थोडा गमतीचा आहे. एम २० हा काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड. त्याचं पारंपरिक प्रमाण १:१.५:३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. पण हे सुके भाग मोजून एक घनमीटर भरलं तर काँक्रीट एक घनमीटर होत नाही. डबाभर शेंगदाण्यांवर वाटीभर रवा ओतून हलवलं, तर रवा फटींत जाऊन बसतो, डबा ओसंडत नाही, तसंच हे. एक घनमीटर ओल्या काँक्रीटला साधारण १.५४ घनमीटर सुका माल धरतात. त्यावरून दर घनमीटरला ८ पोती सिमेंट, ०.४२ घनमीटर वाळू आणि ०.८४ घनमीटर खडी येते. तुमच्या १७.९ ला लावलं की सुमारे १४४ पोती, २.७ ब्रास वाळू, ५.३ ब्रास खडी. म्हणजे मिस्त्रींची पोती चोख आहेत. खडी-वाळू थोडी कमी सांगितली, आणि जमिनीवर पसरून वाया जाते तीही त्यांनी धरली नाही. साइटवर कालवणार असाल तर ६ ब्रास खडी आणि ३ ब्रास क्रश सँड आणा. गाडी रिकामी करायच्या आधी हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजा. ‘ब्रास’ हा शब्द पावतीवर असतो, हौद्यात किती आहे ते टेप सांगतो.

आता ऑर्डरचा प्रश्न. खरं तर तुमच्या पत्रातला महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

माझा पहिला स्वतंत्र स्लॅब मी नकाशावरून मोजला होता. घनफळ दशांशापर्यंत बरोबर. माल तेवढाच आणला. संध्याकाळी सात वाजता सात बाय चौदाचा एक कोपरा उघडा आणि माल संपला. त्या रात्री एका सिमेंट दुकानदाराला झोपेतून उठवून दहा पोती आणली, आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात कोपरा भरला. चूक गणिताची नव्हती. सेंट्रिंगच्या (काँक्रीटला खालून धरणाऱ्या साच्याच्या) प्लेटा मधोमध अर्धा इंच बसल्या होत्या आणि मी वर चढून बघितलंच नव्हतं. मी कागदावरचा स्लॅब मोजला होता, मजूर सेंट्रिंगवरचा भरत होते.

अर्धा इंच म्हणजे किती? तुमच्या १०१५ चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे ४२ घनफूट, जवळजवळ १.२ घनमीटर. सांडलवंड, घमेल्याला चिकटलेलं, गळलेलं सगळं धरूनही एवढं होत नाही. लोक ‘वेस्टेज पाच टक्के धरा’ म्हणतात, पण खरी गळती बहुधा या अर्ध्या इंचातच असते. म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी, सळई बांधून आणि कव्हर ब्लॉक (सळई प्लेटपासून वर ठेवणारे ठोकळे) लावून झाल्यावर, तुम्ही स्वतः वर जा. बाजूच्या फळ्यांवर स्लॅबच्या वरच्या पातळीची खूण असते, त्या खुणांवरून आडवी दोरी ताणा आणि दोरीपासून प्लेटपर्यंत टेपने मोजा. पंधरा-वीस ठिकाणी. खोल्यांच्या मध्यावर जास्त, कारण प्लेटा तिथेच बसतात. सगळीकडे ५ इंच भरले तर उत्तम. कुठे साडेपाच भरले तर सेंट्रिंगवाल्याला टेकू मारून प्लेट उचलायला लावा, त्याला तासाचं काम आहे. जे उचललं जात नसेल त्याची सरासरी काढा आणि वहीतल्या ५ च्या जागी ती घाला. बीमची खोलीही दोन-चार जागी बघून घ्या. या मापावरून जो आकडा येईल तो तुमचा. बाकी सगळे अंदाज.

रेडीमिक्स घ्यायचं की साइटवर मिलर (काँक्रीट कालवायचं यंत्र) लावायचा? तुमच्या जागी मी रेडीमिक्स घेईन. १८ घनमीटर मिलरवर कालवायचं म्हणजे पंधरा-वीस मजूर, दिवसभर, मेच्या उन्हात. दुपारनंतर पाण्याचं प्रमाण कोणाच्याच हातात राहत नाही. फक्त एकच अट, प्लांट तासाभराच्या आत असावा. प्लांटच्या मिक्समध्ये सिमेंट ८ पोत्यांपेक्षा कमी दिसेल, कदाचित राख (फ्लाय अॅश) घातलेलीही दिसेल. त्याने घाबरू नका. ते प्रयोगशाळेत ठरवलेलं डिझाईन मिक्स असतं आणि माल तोलून घालतात. पोती मोजायची ती घमेल्याने कालवलेल्या मालाची.

मिलरच लावायचा ठरला तर घमेल्याने प्रमाण देऊ नका, फरमा करून घ्या. आतून १५ बाय १२ बाय १२ इंचांची लाकडी पेटी म्हणजे बरोबर सव्वा घनफूट, म्हणजेच सिमेंटचं एक पोतं. एका पोत्याला दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी आणि २५ ते २७ लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. एका पोत्यात साधारण ४.४ घनफूट काँक्रीट निघतं. संध्याकाळी रिकामी पोती मोजा. १४४ च्या आसपास हवीत. ११० भरली तर सिमेंट कुठे गेलं ते मिस्त्रींना विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता तुमच्या गल्लीचा आकडा. भरलेला ट्रान्झिट मिक्सर (रेडीमिक्स आणणारी फिरत्या ड्रमची गाडी) पंचवीस टनांच्या वर असतो. तो ९ फुटी गल्लीत शिरणार नाही, आणि शिरला तर शेजाऱ्यांच्या संडासाच्या टाकीवरून जाईल. ते भांडण स्लॅबपेक्षा जास्त टिकतं. गाडी रस्त्यावर उभी राहील, तिथून लाईन पंप, म्हणजे पाईपातून काँक्रीट ढकलणारा पंप. पाईप दीडशे फूट आत, बारा फूट वर, आणि स्लॅबवर पलीकडच्या टोकापर्यंत, म्हणजे दोनशे फूट धरा. पाच इंची पाईपमध्ये दोनशे फुटांत २७ घनफूट काँक्रीट नुसतं अडकून राहतं. पाऊण घनमीटर! याचा हिशेब फोनवर कोणी सांगत नाही, आणि शेवटी ‘थोडं कमी पडलं बघा’ होतं ते यामुळे. पंपवाला शेवटी स्पंजचा बॉल सोडून बरंचसं बाहेर ढकलतो, पण सगळं मिळेल असं धरून चालू नका. दुसरं म्हणजे, पंप सुरू करताना पाईप ओला करायला सिमेंटची पातळ स्लरी सोडतात. ती बीममध्ये पडू देऊ नका. पहिलं पाणीदार काँक्रीट बाहेर घमेल्यात घ्या आणि अंगणात टाका.

तर एकूण: १७.९, त्यावर तीन टक्के सांडलवंड म्हणजे अर्धा, पाईपचं पाऊण. साधारण १९.२ घनमीटर.

हा आकडा प्लांटला पूर्ण सांगून मोकळं व्हायचं नाही. गाड्या ६ घनमीटरच्या असतात, तशा ७ च्याही असतात. आधी ते विचारा. ६ च्या तीन गाड्यांत १८ येतात, मग चौथी गाडी सव्वा मीटरसाठी, आणि इतक्या कमी मालाला प्लांट बहुधा जादा पैसे लावतो किंवा नाहीच म्हणतो. ७ च्या घेतल्या तर दोन गाड्यांत १४ आणि तिसरीत हवे तेवढे, अगदी ७ पर्यंत. मोकळीक शेवटच्या गाडीत राहते. म्हणून फोनवर असं सांगा: ‘एम २०, खडी २० मिलिमीटर, पंपाने टाकायचंय, पाईप दोनशे फूट. सात-सातच्या दोन गाड्या पक्क्या, पहिली सकाळी साडेसहाला साइटवर. तिसरी पाच ते सात मीटरची राखून ठेवा, नेमका आकडा साइटवरून सांगेन.’ पंपाचे पैसे दरात धरलेत की वेगळे, दर जीएसटीसह की वगळून, आणि गाडी थांबली तर किती वेळानंतर जादा लागतात, ही तीन उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

तो आकडा कधी सांगायचा? दुसरी गाडी अर्धी रिकामी झाली की. स्लॅब एका टोकाकडून मागे सरकत भरतात, त्यामुळे उरलेला भाग स्वच्छ दिसतो. टेप घ्या, उरलेली लांबी-रुंदी-जाडी, उरलेले बीम, जिना, सगळं मोजा. त्यातून गाडीत अजून असलेलं काँक्रीट वजा करा (पाईप आधीच भरलेला आहे, त्याचं पाऊण पुन्हा मिळवू नका) आणि फोन करा. उगाच दुसरी गाडी संपेपर्यंत वाट बघू नका. प्लांटवर गाडी भरून तुमच्यापर्यंत यायला तास जातो आणि मेच्या उन्हात आधी टाकलेली कड तेवढ्यात घट्ट होऊ लागते. मग तिथे सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच ओल उतरते. मी अर्ध्या-पाऊण तासापलीकडे खंड पडू देत नाही. दोन गाड्या एकदम बोलावणंही चूक. भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी, असा रेडीमिक्सचा भारतीय मानकातला नियम आहे. उन्हात ताटकळलेल्या गाडीचा ड्रायव्हर मग पाण्याची नळी सोडतो. गाडीत वरून पाणी घालू द्यायचं नाही, मिस्त्री कितीही ‘घट्ट आहे, जरा ढिलं करा’ म्हणाले तरी. प्लांटच्या माणसाला प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट ढिलं करणारं रसायन) घालायला सांगा.

सगळं करूनही पाच-दहा घमेली कमी पडू शकतात. त्यासाठी दहा पोती सिमेंट, त्या बेताची खडी-वाळू आणि एक मिलर साइटवर हाताशी ठेवा. दहा पोत्यांत ४४ घनफूट होतात, म्हणजे माझा तो अर्धा इंच भरून निघतो. पोती उरली तर बांधकामाला लागतीलच. जिन्याचा वरचा चढ शेवटी ठेवा. माल संपलाच तर थांबायला ती जागा बरी. स्लॅबमध्येच थांबायची वेळ आली तर जागा इंजिनिअरांनीच ठरवायची, मिस्त्रींनी नाही. आणि जास्त झालं तर? आदल्या दिवशी विटांची चौकट करून ठेवा, धुणं धुवायच्या चौथऱ्याची किंवा तुळशी वृंदावनाच्या तळाची. उरलेलं काँक्रीट गल्लीच्या गटारात ओतलेलं मी फार ठिकाणी पाहिलंय.

गाडीत खरंच ७ मीटर आहे का, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला मी काय शिकवणार! काटामारी म्हणजे काय ते सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं. ७ मीटरची गाडी म्हणजे जवळपास १६.८ टन माल. वाटेत वजनकाटा असेल तर पहिल्या गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन घ्या. वजाबाकी १५ टनांची आली तर ती सव्वासहाची गाडी आहे. गाडी वजन करणार हे ऑर्डर देतानाच हसत सांगून टाकलं, तर बहुतेकदा वजन करायची वेळच येत नाही. चलनावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ बघा, आणि बॅचची छापील पट्टी (त्या गाडीत काय किती घातलं ते) मागून घ्या. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे. तेवढे भरून घ्या, १५० मिलिमीटरचे साचे प्लांटच आणतो. क्यूब तुमच्यासमोर भरावेत आणि त्यावर तारीख तुमच्या हाताने लिहावी.

तुमच्या बहिणीचं घर मालवणला व्हायचंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिला हाच हिशेब चालेल, एम २० मात्र चालणार नाही. खाऱ्या वाऱ्यात उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ एम ३० सांगतं. तिच्या इंजिनिअरांना आताच विचारायला सांगा.

आणि मिस्त्री तुम्हाला ‘ताई, तुम्ही वर येऊ नका, सळईत पाय अडकेल’ म्हणतात ना? बूट घाला आणि जा. एका सळईला ५ इंचांवर रंगाची खूण करून घ्या, काँक्रीट ओलं असताना ती जागोजागी खुपसून बघा. खूण बुडाली तर जाडी जास्त होतेय. ही सळई आणि टेप दोन्ही दिवसभर तुमच्याच हातात असू द्या. वळवाचा भरवसा नाही, तेव्हा प्लॅस्टिकचा कागद तयार ठेवा. नारळ पहिल्या गाडीसमोर फोडा. जेवण मात्र सासरे म्हणतात तसं चाळीस माणसांचं नको. रेडीमिक्सला पंपवाले, ड्रायव्हर, मिस्त्री आणि दहा-बारा मजूर धरून पंचवीस पुरे, आणि ते दीडच्या आधी वाढू नका. तिसरी गाडी रिकामी व्हायची असते.